बशीएवढी कॉइल

"मिस्तरी, जमिनीतलं सोनं तुमच्या मशीनले ऐकू येते म्हनतात. खरं आहे का जी?"

मी मान वर केली नाही. पाण्याच्या मोटारीची वायंडिंग चालली होती, आणि वेढे घालताना मध्येच कुणी बोललं की गिनती चुकते. एकशे चाळीस पूर्ण झाले, तार दातात धरली आणि मग पाहिलं. दुकानाच्या पायरीखाली तिशीतली एक बाई उभी होती. चपला हातात, पाय घोट्यापर्यंत धुळीनं माखलेले. गळा मोकळा, कपाळ मोकळं.

"येतं ना," मी म्हणालो. "पण सोनं असलं पाहिजे. नुसत्या आशेवर मशीन बोलत नाही."

दुकानात बसलेले दोघेचौघे हसले. ती हसली नाही.

तुमसरला माझं रिवाइंडिंगचं दुकान होतं. सत्त्याण्णव सालची गोष्ट. त्या मशीनची थोडी हकिकत सांगायला हवी, कारण ती माझी नव्हतीच. नागपूरच्या एका ठेकेदाराला गुप्तधनाचं वेड लागलं होतं. त्याच्या जावयानं ऑस्ट्रेलियाहून सोनं शोधायची मशीन आणून दिली. एक दांडा, वर डबा आणि खाली लावायच्या दोन चकत्या, म्हणजे कॉइली. एक जेवायच्या ताटापेक्षा मोठी, दुसरी बशीएवढी. वायर तुटली म्हणून तो माझ्याकडे मशीन टाकून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. त्याचं वेड उतरलं असावं, किंवा घरच्यांनी उतरवलं असावं. मी वायर जोडली, सोबतचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन महिनाभर वाचलं, आणि त्यातून एक वाक्य पाठ केलं: मोठी कॉइल खोल ऐकते, लहान कॉइल बारीक ऐकते. मग कुणाचं हरवलेलं तोडं शोधून दे, कुणाचा पुरलेला पाइप दाखव, असं करता करता तालुक्यात 'सोन्याच्या मशीनवाला कापगते' म्हणून माझं नाव झालं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते मी स्वतः अनुभवलं आहे.

बाईचं नाव केजा. बावनथडी नदीच्या काठावर खैरबोडी म्हणून गाव आहे, त्याच्या शेवटाला सोनझाऱ्यांची बारा-पंधरा घरं आहेत. नदीची वाळू लाकडी काठवटीत घ्यायची, पाण्यात गोल गोल फिरवायची, हलकं वाहून जातं, मग काळी वाळू उरते, आणि ती हळूहळू सारत नेली की शेवटी कडेला चार पिवळे कण. पिढ्यान् पिढ्या हाच धंदा. केजाचा नवरा मनीराम दोन वर्षांपूर्वी तापानं गेला होता. ती सासरीच राहिली आणि सासऱ्याबरोबर नदीवर जाऊ लागली.

"सासऱ्याले लकवा मारला जी," ती म्हणाली. "नदीवरच. मी एकटीच होती संग. बैलगाडीत टाकून घरी आनलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आन त्याच दिवशी सांजच्यानं सासूनं छपरात हात घातला, तं सोनं नाई. कायम छपरात, बांबूच्या पोकळीत ठेवत होते ते. घरचं सारं सोनं."

"मग?"

"मग काय. मी संग होती न, सारे म्हाताऱ्यापाशी आन घरात आतभायेर मीच करत होती. तं मीच नेलं म्हनतात." हे तिनं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. "महिना झाला, माझ्या हातचं पानी बंद केलं घरात. रविवारी पंच बसतात. त्यायनं चोर म्हटलं, का झालं. माहेरी माझ्या आधी नाव पोचंल. चोर बाईले माहेर नसते, मिस्तरी."

"पण तुला काय वाटतं, गेलं कुठं?"

"म्हाताऱ्यानंच हलवलं असंल. अंगनाभायेर तं ते जातच नव्हते, एक नदी सोडली तं. घरातच आहे कुठं तरी. थे सोनं, मिस्तरी, आमी पिसाच्या..."

"ते राहू दे," मी तिला थांबवलं. वायंडिंग अर्धवट पडली होती, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. "किती होतं तेवढं सांग."

तिनं मूठ मिटून दाखवली.

मुठीएवढं सोनं! एवढं मोठं ठाणं, म्हणजे सोन्याचा अख्खा गोळा, तर माझी मशीन झोपेतही ओळखेल. मी शुक्रवारी येतो म्हणालो. तिचं वाक्य मी अर्ध्यात तोडलं होतं, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं.

शुक्रवारी निघताना दोन्ही कॉइली समोर ठेवल्या. बशीएवढी कॉइल म्हणजे त्रास. वीतभर सरकायचं, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा वीतभर सरकायचं. एवढं अंगण करायला दिवस जाईल, आणि मला चारची एसटी गाठायची होती. शिवाय ती दिसतेही बापुडी. मोठी कॉइल दांड्याला लावली की माणूस कसा काहीतरी कामाचा दिसतो. पुरलेलं म्हणजे खोल असणार, खोल म्हणजे मोठी कॉइल, असा मी मनाशी हिशेब घातला आणि लहानी पिशवीत न टाकता कपाटात ठेवून दिली. खरं सांगायचं तर हिशेब नंतर घातला, मोठी आधीच उचलली होती.

केजाचं घर मातीचं, लहानसं. अंगण मात्र ऐसपैस. अंगणात बाजेवर बुधराम, तिचा सासरा, पडून होता. हाडं आणि डोळे एवढाच उरलेला. उजवा हात निर्जीव, पण डावा हात सारखा चालू होता. वाकळेवर पंजा टेकून गोल, गोल, गोल. शेजारी सासू बिरजाबाई बसली होती, आणि दाराच्या चौकटीला टेकून दीर घनाराम. मशीन येणार म्हणून टोल्यावरची, म्हणजे सोनझाऱ्यांच्या त्या वस्तीवरची, सगळी माणसं कुंपणाला लागून उभी होती.

केजानं लोटा भरून माझ्यापुढे धरला.

"थांबा मिस्तरी," घना म्हणाला. "शेजारून आनवतो पानी. हिच्या हातचं नका पिऊ."

पन्नास डोळे माझ्याकडे लागले होते. मला तहान लागली होती, आणि माझ्या जातीत, घरात, कुठल्याच हिशेबात तिचं पाणी नाकारायचं कारण नव्हतं. पण मनात आलं, कशाला उगाच लोकांशी वाकडं घ्या, काम झालं की आपण चाललो. मी शेजारचं पाणी प्यायलो. केजानं भरलेला लोटा शेवग्याच्या बुंध्याशी ओतला आणि बाजूला झाली.

मशीन सुरू केली तर डबा नुसता किंचाळायला लागला. आमचा भाग मँगनीजचा, मातीच लोखंडाची भावंडं पोटात घेऊन बसलेली. मी कान कमी करायचं बटण फिरवत गेलो, फिरवत गेलो, तेव्हा कुठे मशीन शांत झाली. मग ऐटीत दांडा हलवत अख्खं अंगण फिरलो. घरात फिरलो, चुलीजवळ, गोठ्यात, परसात. एक खिळा सापडला, बैलाची एक नाल, कुऱ्हाडीचं मोडकं पातं, पत्र्याचा डबा. दर वेळी माणसं पुढे झुकत आणि दर वेळी मागे होत. साडेतीनला मी मशीन बंद केली.

"मग?" घनानं विचारलं.

आता इथं माणूस म्हणू शकतो, की मला सापडलं नाही. तेवढं खरं होतं. पण एवढी माणसं, एवढी मोठी कॉइल, आणि माझं एवढं नाव. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"या घरात, अंगणात सोनं नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. "मुठीएवढं काय, गुंजभरसुद्धा नाही. मशीन खोटं बोलत नाही."

कुंपणापलीकडून एक बारीक कुजबुज उठली. घनानं मान हलवली, हे मला ठाऊकच होतं अशी. बिरजाबाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, केजा रडेल, भांडेल.  पण मी मशीन पिशवीत घालत होतो तेव्हा ती जवळ येऊन म्हणाली, "मी तं तुमाले माझ्यासाठी बोलावलं होतं, मिस्तरी."

एसटी मिळाली. बसायला जागाही मिळाली.

शनिवारी सराफा बाजारात पंखा दुरुस्त करायला गेलो होतो. दुर्गाप्रसाद सराफ माझं जुनं गिऱ्हाईक, माणूस बोलघेवडा. त्याच्या दुकानासमोरच्या नालीतली धूळ एक सोनझारी बाई कुंच्यानं गोळा करत होती. सोनाराच्या दुकानातून उडालेले कण त्या धुळीत असतात, आणि ते या लोकांनाच काढता येतात. तिला पाहून मला खैरबोडी आठवली, आणि मी मोठ्या फुशारकीनं शुक्रवारची गोष्ट सांगितली.

"मुठीएवढं ठाणं?" दुर्गाप्रसाद हसला. "सोनझाऱ्याच्या घरी ठाणं कुठलं आलं रे बाबा? ते काय सोनं आटवतात? हे बघ."

त्यानं गल्ल्यातून एक पीस काढलं. मोराच्या पिसाचा खालचा पोकळ दांडा, बोटभर लांब, दोन्ही तोंडं मेणानं बंद केलेली. आत पिवळसर भुकटी. "हे असं आणतात. रवाळ सोनं. मेण काढायचं, फुंकर घालायची नाही, तोलून घ्यायचं."

'थे सोनं, मिस्तरी, आमी पिसाच्या...' तिचं तोडलेलं वाक्य मला तिथं, पंख्याच्या शिडीवर, पूर्ण ऐकू आलं.

मी ते पीस मागून घेतलं आणि जवळजवळ धावत दुकानात आलो. मशीन काढली, मोठी कॉइल लावली, पीस तिच्यावर ठेवलं. मशीन गप्प. कान पूर्ण उघडले. गप्प. कपाटातून लहान कॉइल काढून लावली, पीस तिच्यावर घासलं. तीही गप्प. मग पुस्तक उघडून शेवटची पानं वाचली, जी कंटाळा येऊन मी कधी वाचलीच नव्हती. तिथं सरळ लिहिलेलं होतं, की भुकटीसारखं सोनं कितीही असलं तरी ही मशीन ते ऐकू शकत नाही. एकेक कण वेगळा असतो, आणि एकेक कण इतका लहान असतो की मशीनच्या लेखी तो नसतोच.

म्हणजे त्या अंगणात परातभर सोनं पुरलेलं असतं तरी मी नाही म्हणालो असतो. तेही कान बंद करून घेतलेल्या मशीनच्या भरवशावर. आणि त्या 'नाही'चा अर्थ त्या टोल्यावर एकच होता, की केजानं ते नेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण अवलक्षण माझ्या हातावर यायच्याऐवजी तिच्या कपाळावर आलं होतं. 

रविवारी सकाळी सायकल काढली. अठरा किलोमीटर. पिशवीत मशीन, दुर्गाप्रसादचं पीस, आणि या वेळी फक्त लहान कॉइल. सोनं शोधायला मी निघालोच नव्हतो. मला एवढंच करायचं होतं, की पंचांसमोर मशीन किती बहिरी आहे ते दाखवायचं. आणि बहिरेपणा नीट दाखवायला लहानीच बरी, कारण बारीक ऐकणारी तीच गप्प राहिली, तर कुणाला शंका उरणार नाही.

पोचलो तेव्हा पंच बुधरामच्याच अंगणात बसले होते. पाच म्हातारे, मधोमध घोंगडीवर. बाजेवर बुधराम तसाच, डावा हात गोल, गोल. केजा कुडाशी एकटी बसली होती, शेजारी तिची घागर. महिन्याभरात ती घागरही वेगळी झाली होती.

"माझं चुकलं," मी आल्या आल्या म्हणालो. "परवाचा माझा शब्द धरू नका. तुमचं सोनं पिसात असतं हे मी विचारलंच नाही. या मशीनला पिसातलं सोनं ऐकू येत नाही. हे पाहा."

मी पीस कॉइलवर ठेवून दाखवलं. मोठा पंच डोळे बारीक करून पाहत राहिला.

"परवा म्हने मशीन खोटं बोलत नाई," घना म्हणाला. "आज म्हने बहिरी आहे. मिस्तरी, हिनं तुमाले काय दिलं बा?"

कुणी तरी हसलं. मला राग आला, पण रागावण्याचा हक्क मी परवाच घालवून बसलो होतो.

"बरं, हेही ऐका," मी म्हणालो. "परवा मशीन गप्प होती, कारण मीच तिचे कान बंद केले होते. आता पूर्ण उघडतो. तुमची मातीच कशी ओरडते ते ऐका, म्हणजे माझ्या शब्दाची किंमत तुम्हाला कळेल."

बटण पूर्ण फिरवलं. डब्यातून घूंऽऽ असा आवाज निघाला आणि कुंपणाजवळचं कुत्रं पळून गेलं. मी कॉइल जमिनीला टेकवून वीत वीत सरकत चाललो. बाजेजवळ घूंऽऽ. चुलीकडे घूंऽऽ. दारापाशी घूंऽऽ. पंचांपैकी एकानं कानांवर हात ठेवले. शेवग्याकडून परसाच्या कुडाकडे वळलो, घूंऽऽ, घूंऽऽ, आणि मशीन गप्प झाली.

मला वाटलं वायर पुन्हा तुटली. दांडा हलवला. घूंऽऽ. परत आणला. गप्प. सुपाएवढी एक जागा, तिच्यावर मशीन गप्प, आणि सभोवती चारी बाजूंनी ओरडा. मोठ्या कॉइलला ही जागा कधीच कळली नसती. ती जागेच्या दोन्ही बाजूंची माती एकदमच ऐकते.

"मिस्तरी," केजा कुडाजवळून म्हणाली. पंचांसमोर ती प्रथमच बोलली असावी. "तिथं कावून गप्प झाली थे?"

"इथं काळं नाही मातीत," मी विचार करत म्हणालो. "काळी रेती नाही, लोखंड नाही. जशी काही..."

"धुतलेली वारू," केजा म्हणाली, म्हणजे वाळू.

बिरजाबाई झटक्यात उभी राहिली. "तिथं कोनी हात नाई लावाचा!"

मला काही कळेना. मोठ्या पंचानं मला समजावलं. त्यांच्याकडे पोर झालं की त्याची नाळ परसात पुरतात, आणि तिच्यावर नदीतली धुतलेली वाळू टाकतात. सोनं निघालेलं, काळं निघालेलं, जिच्यात आता कुणाचा जीव अडकणार नाही अशी वाळू. दर दिवाळीला वर टोपलंभर नवी. घनाची नाळ त्याच्या आजोळी पुरली होती. ही जागा मनीरामची. आणि पोर गेलं तरी नाळेची जागा कुणी उकरत नाही. एकटी आई उकरू शकते, आणि कुठली आई उकरेल?

म्हणून तर महिनाभर अख्खं घर उसवलं, छप्पर उतरवलं, चूल फोडली, आणि त्या एका जागेकडे कुणी बोटही दाखवलं नव्हतं.

"म्हातारा उकरंल का पोराची नाळ?" घना म्हणाला, पण आता त्याच्या आवाजात तेवढा जोर नव्हता.

केजा घनाकडे पाहतच नव्हती. ती बाजेकडे पाहत होती. बुधरामचा डावा हात वेगानं फिरत होता. वाकळ बाजूला सरकली होती, दोऱ्यांवर त्याचा पंजा घासला जात होता, गोल, गोल, गोल. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाबा," ती त्याच्याजवळ जाऊन बसली. "तुमी कामाची याद करता असं समजलो आमी सारे. तुमी वारू धुता का जी? धुतलेली वारू म्हनता का?"

हात थांबला. महिनाभरात पहिल्यांदा थांबला. मग म्हाताऱ्यानं तो उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

 मला आठवतं, मशीन अजून चालूच होती, आणि त्या जागेवर कॉइल टेकलेली असल्यामुळे ती गप्प होती.

बिरजाबाई हळूहळू चालत आली. गुडघ्यांवर बसली. कुणी खणायला सब्बल पुढे केली ती तिनं परत सारली, आणि हातांनीच वाळू बाजूला करू लागली. पांढुरकी, स्वच्छ वाळू. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा ती थांबली. मनीरामच्या जुन्या धोतराचा तुकडा वर आला, मेणानं माखलेला, सुतळीनं बांधलेला. त्याच्यात मोरपिसांचे दांडे होते, एकमेकांशी लावून ठेवलेले. मुठीत मावतील एवढे.

"मशीननं दाखवलं!" घना ओरडला. "सोनं मशीननं दाखवलं!"

"मशीननं काही दाखवलं नाही," मी म्हणालो. "मशीन गप्प होती. तुझ्या भावजयीनं दाखवलं."

बिरजाबाई ते गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. खड्ड्याकडे पाहत म्हणाली, "छपरात घना हात घालत होता. पाह्यलं असंल म्हाताऱ्यानं. म्हनून आनून ठेवलं पोरापाशी." मग मान वर करून पंचांना म्हणाली, "मनीरामच्या नाळेवर ठेवलं, म्हंजे मनीरामच्या घरचं, केजाचं झालं. आता यात दुसऱ्या कोनाचा शब्द नाई."

पंच उठले. मोठ्या पंचानं घोंगडी झटकली. त्यांच्या लेखी बैठक संपली होती. कुंपणाजवळची माणसंही पांगायला लागली, कारण पुढे काही पाहण्यासारखं उरलं नव्हतं. मीही वायर गुंडाळू लागलो. मनात म्हटलं, सुटलो.

"मिस्तरी." केजा माझ्यासमोर उभी होती. "परवा तुमी बोलले, तवा लोक कुठवरी उभे होते?"

"कुंपणापर्यंत," मी म्हणालो.

"ऐकू सगळ्यायले गेलं होतं."

"हो."

"मंग आजही तेवढ्यानंच बोला जी. हे लोक चालले."

ती रागानं बोलली नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी मशीन खाली ठेवली आणि ओरडलो. थांबा म्हणालो. माणसं वळली. मी म्हणालो, "मी तुळशीराम कापगते, तुमसरचा मिस्तरी. परवा मी इथं म्हणालो, की या घरात सोनं नाही. ते खोटं होतं. मला कळलं नव्हतं तरी मी बोललो. सोनं घरातच होतं. या बाईनं काही नेलं नाही. ही चोर नाही."  उभ्या जन्मात मी माझं चुकलं हे इतक्या मोठ्यानं कधी बोललो नव्हतो, आणि त्यानंतरही नाही.

 माणसांपैकी कुणी गेलं, कुणी परत अंगणात येऊन बसलं.

"केजा," बिरजाबाई म्हणाली. "पानी दे वं."

एवढंच. केजा उठली. कुडाजवळच्या तिच्या वेगळ्या घागरीतून लोटा भरला. आधी म्हाताऱ्याची मान हातावर घेऊन त्याला घोट घोट पाजलं. मग सासूला दिलं. मग मोठ्या पंचाला, जो जाता जाता थांबला होता. मग लोटा पुन्हा भरून माझ्यासमोर आली, आणि धरण्याआधी थांबली.

"शेजारून आनवू का, मिस्तरी?"

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, अगदी बारीक. मी लोटा घेतला आणि एका दमात संपवला. माझे डोळे भरून आले होते, आणि ते लोट्यामागे लपवायची सोय झाली.

दाराजवळून घनानं हात पुढे केला.

केजानं रिकामा लोटा त्याच्या पायाशी जमिनीवर ठेवला. "घागर तिथं आहे, भाऊजी," ती म्हणाली, आणि नाळेच्या खड्ड्याशी जाऊन दोन्ही ओंजळींनी वाळू परत भरू लागली.

घना बराच वेळ तसाच उभा होता. कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं, म्हणजे सगळेच पाहत होते. शेवटी तो वाकला, लोटा उचलला, अंगण ओलांडून तिच्या घागरीपाशी गेला, आणि स्वतःच्या हातानं ओतून घेऊन ते पाणी उभ्यानं प्यायला.